पहाटे चारला उठता, पण झोपता किती वाजता?

पत्र (थोडक्यात): वय ४३, साताऱ्यात शाहूपुरीत राहतो, खासगी कंपनीत हिशोबाचं काम. दिवाळीच्या सुट्टीत विपश्यनेचं दहा दिवसांचं पहिलं शिबिर केलं. आल्यापासून पहाटे साडेचार ते साडेपाच आणि रात्री दहा ते अकरा, एकही खाडा नाही. पहिला महिना फार छान गेला. आता दीड महिना झाला, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही आणि पहाटेच्या बैठकीत मान कलंडते. कपाळाच्या मध्यभागी आवळल्यासारखं होतं. शिबिरात अंगभर जी सूक्ष्म लहर यायची ती बंद झाली. मधेच रडू येतं, कारण काही नसतं. बायकोवर आणि दहावीतल्या मुलीवर चिडतो. 'दहा दिवस जाऊन हेच शिकून आलात का?' असं बायको विचारते. ऑनलाइन वाचावं तर एक जण म्हणतो, जुने संस्कार, म्हणजे मनात साठलेल्या जुन्या प्रतिक्रिया, बाहेर पडतायत, आणखी जोर लावा. दुसरा म्हणतो, ध्यानाने डोकं फिरतं, आजच थांबा. तिसरा म्हणतो, ॲपवर दहा मिनिटं पुरतात. वडील निवृत्त शिक्षक आहेत. ते म्हणतात, बाबासाहेबांनी डोळे मिटून बसायला सांगितलं नव्हतं. फेब्रुवारीअखेर दुसरं शिबिर ठरलंय. जाऊ का?

उत्तर:

नका जाऊ. फेब्रुवारीचं शिबिर रद्द करा, रात्रीची दहाची बैठक आजपासून बंद करा आणि सकाळची एका तासावरून वीस मिनिटांवर आणा. ध्यान सोडा असं आम्ही म्हणत नाही. जोर लावा असं तर अजिबातच म्हणत नाही.

आधी झोपेचा हिशोब. शिबिरात पहाटे चारला घंटा होते हे तुमच्या लक्षात राहिलं, पण तिथे रात्री साडेनऊला दिवे जातात हे घरी येताना मागेच राहिलं. म्हणजे तिथे साडेसहा तास अंथरुणात, शिवाय दुपारच्या जेवणानंतर आडवं व्हायला वेळ. फोन नाही, बोलणं नाही, रात्रीचं जेवण नाही. नव्या साधकाला संध्याकाळी पाचला फळ आणि चहा, बस्स. डोक्याला दुसरं काही कामच नाही. घरी मात्र तुम्ही दिवसभर कंपनीची खाती लावता, रात्री जेवून दहाला बसता, दोनला झोपता आणि सव्वाचारला उठता. सव्वादोन तास. ताळेबंद मांडणं हा तुमचा धंदा आहे, तेव्हा हाही मांडून पाहा. पहिल्या महिन्यात अकराला पाठ टेकून लगेच झोप लागत होती तेव्हासुद्धा पाचच तास मिळत होते. ती तूट रोज साठत गेली. आठवडेच्या आठवडे इतकं जागून कुणालाही कारणाशिवाय रडू येईल आणि मुलीच्या हातून पेन्सिल पडली तरी ओरडावंसं वाटेल. संस्कारांपर्यंत जायची अजून गरजच पडलेली नाही.

रात्री दहाच्या बैठकीनंतर झोप का उडते, तेही समजून घ्या. बसणं म्हणजे विश्रांती असं बऱ्याच जणांना वाटतं. पण तासभर डोक्यापासून पायापर्यंत एकेका इंचावर लक्ष फिरवणं हे जागं होण्याचं काम आहे. काहींना त्याने गुंगी येते, काहींचं मन लख्ख जागं होतं, आणि दुसऱ्या प्रकारच्या माणसाने रात्री दहाला तासभर बसू नये, एवढी साधी गोष्ट. बैठक संध्याकाळी सातला, जेवणाआधी घ्या. अंथरुणात पडल्यावर पाच मिनिटं तळव्यांवर लक्ष ठेवून पडून राहा, झोप लागली तर लागू द्या. ती 'जागृत साधना' वगैरे करायला जाऊ नका.

पहाटे मान कलंडते, त्यावर तर खुद्द बुद्धांचाच सल्ला आहे. अंगुत्तर निकाय या बुद्धवचनांच्या पाली संग्रहात बुद्धांचे पट्टशिष्य मोग्गल्लान मगधातल्या कल्लवालमुत्त गावी बसल्या जागी पेंगत असल्याचा प्रसंग येतो. बुद्ध त्यांना एकापुढे एक उपाय सांगतात: ज्या विचारात पेंग येते तो विचार सोडा, नाही गेली तर ऐकलेल्या धम्मावर मनात चिंतन करा, मग तोच मोठ्याने म्हणा, मग दोन्ही कान ओढा आणि हातपाय चोळा, मग उठून डोळ्यांवर पाणी मारा, चारी दिशांना आणि वर ताऱ्यांकडे बघा, मग मनात दिवसासारखा उजेड आणा, मग येरझाऱ्या घाला. आणि एवढं करूनही पेंग जात नसेल तर? उजव्या कुशीवर झोपा, उठायची वेळ मनाशी धरून. मोग्गल्लानांसारख्या भिक्खूला शेवटचा उपाय 'झोप' हा सांगितला गेला, तर तुम्ही घड्याळाचा गजर सहावर नेलात म्हणून धम्मात खोट येत नाही.

आता कपाळ. ही तक्रार नव्या साधकांत इतकी नेहमीची आहे की तिच्यावर थोडं सविस्तर बोलू. नाकाच्या शेंड्यावर लक्ष ठेवताना बहुतेकांचे डोळे मिटलेल्या पापण्यांआड नाकाकडेच बघायला लागतात. बुबुळं आत वळतात, भुवया जवळ येतात, दात आवळले जातात. तासभर असं बसलं की कपाळ दुखणारच. सुईत दोरा ओवताना दुखतं तसंच. खात्री करायची असेल तर आज बसताना एक बोट दोन भुवयांच्या मध्ये अगदी हलकं ठेवा आणि दोन मिनिटं नेहमीसारखा श्वास बघा. बोटाखाली आठी गोळा होताना कळली तर तुमचं ध्यान कपाळाच्या स्नायूंनी चाललंय. त्यातून पुढची अडचण अशी की तिथे दुखायला लागलं की लक्ष तिथेच जातं, लक्ष गेलं की आणखी आवळतं, आणि माणूस समजतो की कपाळात काहीतरी 'उघडतंय'.

उपाय दिसायला किरकोळ आहे. डोळे अर्धवट उघडे ठेवा, नजर तीन-चार फुटांवर फरशीवर सैल सोडा. ओठ मिटलेले, दात सुटे. नाकाचा शेंडा पंधरा दिवस सोडून द्या आणि लक्ष मांडीवर ठेवलेल्या तळहातांवर किंवा पायांच्या तळव्यांवर ठेवा. श्वास बघायचाच तर पोटाशी बघा, आणि दर उच्छ्वासाच्या शेवटी भुवया सैल सोडा. आनापानसति सुत्तात श्वासाच्या सोळा पायऱ्या आहेत. पहिल्या दोन, लांब श्वास जाणणं आणि आखूड श्वास जाणणं, सगळ्यांना पाठ असतात. चौथी पायरी 'पस्सम्भयं कायसङ्खारं', म्हणजे काया निववत, शांत करत श्वास घेणं. घाईत गाळली जाते ती नेमकी हीच.

आणखी एक. तुमचं वय ४३, काम संगणकावर आकड्यांचं. चाळिशी लागली असेल आणि चश्मा नसेल तर कपाळ तसंही दुखेल. डोळे तपासून घ्या. संस्कारांचा क्रम त्यानंतर लावू.

लहर बंद झाल्याचं दुःख मात्र सोडून द्या. शिबिरात नऊ दिवस मौन पाळून दिवसाला दहा-दहा तास बसल्यावर जे जाणवतं, ते मार्च एंडच्या तोंडावर साताऱ्यात जाणवेल ही अपेक्षाच चुकीची. आणि जाणवलं तरी ते मोजायचं माप नव्हे. ही शिबिरं सुरू करणाऱ्या गोएंकागुरुजींच्या पद्धतीतही सुखद संवेदनेची वाट बघणं ही तृष्णाच मानली जाते. विशुद्धिमग्ग या ध्यानावरच्या जुन्या पाली ग्रंथात तर विपश्यनेचे दहा 'उपक्किलेस', म्हणजे मळ, दिलेत. त्यात प्रकाश, प्रीती (म्हणजे आनंदाची भरती), शांती अशा गोड गोष्टीच आहेत, आणि आल्या म्हणजे पोहोचलो असं साधकाला वाटतं म्हणून त्यांना मळ म्हटलंय.

'संस्कार बाहेर पडतायत, जोर लावा' म्हणणारा शब्द परंपरेचेच वापरतो, पण अर्धे. त्या शिकवणीत संवेदना वर येते, माणूस तिच्याकडे समतेने बघतो, प्रतिक्रिया देत नाही, आणि म्हणून ती ओसरते. समता हा या साखळीतला कणा आहे. रडू फुटतंय, भीती वाटतेय, 'आता काय होणार' म्हणून छाती धडधडतेय आणि तरी दात खाऊन बसलोय, अशा वेळी समता कुठे आहे? तिथे तासभर बसून तुम्ही प्रतिक्रियेचाच सराव करता. त्यामुळे बैठक किती वेळाची, याचं उत्तर घड्याळात नाही. जितका वेळ चेहरा सैल ठेवून बसता येतं तितकी. सध्या ती वीस मिनिटं असेल, एखाद्या दिवशी आठ.

दुसऱ्याचं, डोकं फिरतं म्हणणाऱ्याचं, पूर्ण खोटं नाही. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या लिंडाल आणि ब्रिटन यांच्या गटाने २०१७ साली पाश्चात्त्य बौद्ध साधकांच्या मुलाखतींवरून ध्यानातल्या अवघड अनुभवांचे ५९ प्रकार नोंदवले. झोप बिघडणं, अंगात दाब-ताण जाणवणं, चिडचिड ही सगळी त्यात आहेत. पण त्यांनी अडचण आलेलीच माणसं मुद्दाम निवडली होती, त्यामुळे शंभरातल्या किती जणांना असं होतं हे त्यातून निघत नाही. तुमची लक्षणं खरी आहेत, याआधी इतरांनाही झालेली आहेत, आणि तेवढ्यावरून वेडाचा अर्थ काढायचं कारण नाही, एवढंच त्यातून घ्या.

मग पुढचे पंधरा दिवस काय करायचं? रात्री साडेदहाला फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावून अंथरुणात. सकाळी सहाला उठणं. आधी गच्चीवर पंधरा मिनिटं चंक्रमण, म्हणजे पावलांवर लक्ष ठेवून येरझाऱ्या, मग वीस मिनिटं बैठक. चंक्रमणासाठी बारा-पंधरा पावलांची सरळ जागा पुरते; दोन टोकांना खडूने रेघ मारा. जानेवारीत साताऱ्याची फरशी सकाळी बर्फ असते, मोजे घाला. नजर पाच-सहा फुटांवर, लक्ष तळव्यांत: टाच टेकली, तळवा टेकला, बोटं सुटली. टोकाला पोचलात की थांबा, एक श्वास, वळा. पहिली पाच मिनिटं बाजारात चालतो त्याच वेगाने चाला. नवी माणसं पहिल्या पावलापासून सिनेमातल्या स्लो मोशनसारखी चालायला लागतात, तोल जातो, पोटऱ्या ताठरतात आणि दोन दिवसांत कंटाळून सोडतात. चंक्रमणाचे पाच फायदे अंगुत्तर निकायात सांगितलेत: लांबचा प्रवास झेपतो, कष्ट झेपतात, आजार कमी, खाल्लेलं पचतं, आणि चालताना लागलेली समाधी जास्त टिकते. तुमच्यासाठी सहावा आम्ही जोडतो: चालताना भुवया आवळता येत नाहीत. रविवारी हेच अजिंक्यताऱ्याच्या चढावर करा, फक्त तिथे नजर रस्त्यावर राहू द्या.

बैठकीत शरीरभर लक्ष फिरवणं सध्या नको. साधं आनापान, म्हणजे नुसता श्वास बघणं, तोही पोटाशी, किंवा तळहात-तळवे. मन फार उसळलं असेल तेव्हा आनापानाकडे परत या, हे शिबिरातही सांगितलेलं आहे. लोक विसरतात, कारण आनापान म्हणजे बालवाडी असं त्यांना वाटतं. रडू आलं तर डोळे उघडा, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मनात घ्या, उठून पाणी प्या, आणि त्या दिवसाची बैठक तिथेच संपली असं समजा. रोजची झोप एका वहीत लिहा: किती वाजता आडवं झालो, अंदाजे कधी लागली, कधी जाग आली. तीन आकडे, बाकी काही नको.

दोन आठवड्यांत झोप रोज सहा तासांवर आली नाही तर डॉक्टरकडे जा. रक्तदाब, थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर बघून घ्या. आणि काही गोष्टी घडल्या तर दोन आठवडेही थांबू नका: सलग दोन-तीन रात्री जवळजवळ न झोपता उलट उत्साह वाढतोय, कुणी नसताना आवाज ऐकू येतायत, आपल्याला काही खास शक्ती मिळाल्यासारखं वाटतंय, ऑफिसातही सगळं खोटं-खोटं, काचेपलीकडचं वाटतंय, किंवा जगू नये असा विचार येतोय. यातलं काहीही दिसलं तर बैठक पूर्ण बंद आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. हे बायकोलाही वाचायला द्या, कारण पहिली तीन लक्षणं ज्याला होतात त्याला ती लक्षणं वाटत नाहीत.

चिडण्याबद्दल थोडं कडक बोलतो. झोपेचा वाटा त्यात आहेच. पण तुम्ही घरात शांततेची मागणी करायला लागलात, हाही आहे. 'मी बसलोय, मिक्सर लावू नका', 'कुकरची शिट्टी नंतर', 'टीव्हीचा आवाज कमी'; तासभर बैठकीचं ओझं सगळ्या घराने वाहायचं. मज्झिम निकाय या बुद्धवचनांच्या दुसऱ्या संग्रहात श्रावस्तीच्या वैदेहिका नावाच्या गृहिणीची गोष्ट आहे. बाई फार शांत, असा गावभर लौकिक. काली नावाच्या दासीला शंका आली: मालकीणबाई मुळात शांत आहेत, की मी कामं वेळेवर करते म्हणून शांत दिसतात? ती उशिरा उठली. पहिल्या दिवशी बाईंच्या कपाळाला आठ्या, पुढच्या वेळी शिव्या, तिसऱ्या वेळी दाराचा अडसर डोक्यात, आणि रक्त वाहणारं डोकं घेऊन काली शेजारपाजारी दाखवत फिरली. तुमच्या घरातला कुकर ही तुमची काली समजा. शिट्टी ऐकू आली, छातीत काहीतरी उचललं, ते बघितलं, ही त्या वीस मिनिटांतली सगळ्यात कामाची दोन सेकंदं. मुलीची दहावी आहे. शांतता हवी असेल तर या वर्षी तिला हवी आहे.

वडिलांचं म्हणणं ऑनलाइनच्या तिघांपेक्षा जास्त ऐकण्यासारखं आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्यातल्या ज्या शाळेच्या पटावर भीवाचं, म्हणजे लहानग्या बाबासाहेबांचं, नाव चढलं, त्या साताऱ्याच्या बौद्ध शिक्षकाने 'शिकायचं, संघटित व्हायचं सोडून पोरगा डोळे मिटून बसला' म्हणून काळजी करावी, यात नवल नाही. पण ते अर्धेच बरोबर आहेत. धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञांमधली अकरावी अष्टांगिक मार्गाची आहे आणि त्या मार्गाचं आठवं अंग सम्यक समाधी आहे. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बाबासाहेब समाधी आणि सम्यक समाधी यांत फरक करतात: नुसती समाधी मनाचे अडथळे तात्पुरते रोखते, सम्यक समाधी मनाला कुशल कर्माचाच विचार करायची सवय लावते. म्हणजे बसण्याला त्यांचा नकार नाही, पण नुसतं बसणं पुरेसंही नाही. गंमत अशी की इंग्रजीत गेली काही वर्षं जो वाद चाललाय, की शीलापासून तोडलेली सजगता ही कंपन्यांना विकायला सोपी अशी ताणावरची गोळी झाली आणि म्हणून तिला कुणी 'मॅकमाइंडफुलनेस' म्हणतं, तो वाद म्हणजे तुमच्या वडिलांचंच वाक्य आहे, जरा लांबवलेलं.

तेव्हा संध्याकाळी सातची बैठक एकट्याने करू नका. वडिलांना त्रिशरण-पंचशील म्हणायला सांगा, घरातल्यांनी मागून म्हणायचं, मग पाच-सात मिनिटं मैत्री, म्हणजे मनात एकेकाचं भलं चिंतणं. मैत्रीचा क्रम विशुद्धिमग्गात आहे आणि तो पाळण्यात अर्थ आहे: आधी स्वतः, मग ज्यांच्याविषयी आदर आहे असं माणूस, मग जवळचं, मग धड ना आवडतं ना नावडतं असं, उदाहरणार्थ दूधवाला, आणि सर्वांत शेवटी ज्याच्याशी बिनसलंय तो. बरेच जण थेट साहेबापासून सुरू करतात आणि दोन मिनिटांत मनात भांडण उकरून बसतात. निधन पावलेल्या माणसापासूनही सुरुवात करू नये, असं तिथे स्पष्ट सांगितलंय. तुम्हाला सध्या रडू येतं, म्हणून हे विशेष लक्षात ठेवा.

ॲपचं एका ओळीत: घंटा म्हणून वापरा, 'सलग किती दिवस' दाखवणारा आकडा बंद करा. जॉन काबात-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय महाविद्यालयात सुरू केलेला जो सजगतेचा मूळ अभ्यासक्रम, त्यातही कित्येक आठवडे आणि घरी रोज पाऊणएक तास अशी मेहनत होती. दहा मिनिटांत सगळं होतं, असं मूळ माणसानेही म्हटलेलं नाही.

राहिलं शिबिर. केंद्राला आजच कळवा, म्हणजे प्रतीक्षा यादीतल्या कुणाला जागा मिळेल. सोबत सहायक आचार्यांशी बोलायची वेळ मागा आणि बोलताना 'त्रास होतो' असं मोघम सांगू नका. वहीतले आकडे सांगा: झोप इतके तास, रडू आठवड्यातून इतक्या वेळा, कपाळ अमुक वाजल्यापासून. पुढच्या अर्जातही हे खरं-खरं लिहा. प्रवेश मिळणार नाही म्हणून आजार किंवा गोळ्या लपवणारे लोक तिथे गेल्यावर अडचणीत येतात, आणि कुणाच्या सांगण्यावरून चालू गोळी शिबिरासाठी बंद करू नका. सलग सहा आठवडे झोप सहा-सात तासांवर टिकली आणि रडू थांबलं तर पुढची तारीख बघा. तोवर मार्च एंडही उरकलेला असेल. मुलीची परीक्षा संपली की मग मे महिन्यात बायकोला विचारून अर्ज भरा. तिलाही जायचं असेल तर ती आधी.